सातव्या तावावरचा अंगठा

उस्मानाबादच्या मुन्सफीत, म्हणजे खालच्या कोर्टात, पंचाक्षरी वकिलांना अठरा वर्षं झाली होती. या अठरा वर्षांत त्यांना पक्षकारांनी छळलं, विरुद्ध बाजूच्या वकिलांनी छळलं, मुन्सिफ येत गेले तसे त्यांनीही आपापल्या परीनं छळलं. पण इजहार लिहिणाऱ्या लोकांनी जो छळ मांडला होता त्याला तोड नव्हती. इजहार म्हणजे साक्षीदाराची जबानी. साक्षीदार बोलणार मराठीत, नाहीतर कानडीत, आणि कागदावर ते उतरणार सरकारी उर्दूत. मधे बसलेला माणूस सुस्त असला की झालंच कल्याण! एकानं एकदा ‘पाहिलं नाही’मधलं ‘नाही’च गाळलं आणि वकिलांच्या भल्या चांगल्या साक्षीदाराला खून पाहिलेला करून ठेवलं. दुसरा दर वाक्याला हात वर करून विचारायचा, “जरा थांबा, काय म्हणाले?” तो थांबवायचा आणि तेवढ्या वेळात साक्षीदार विचार करून शहाणा व्हायचा.

“मला एकच माणूस आणून द्या,” वकील कचेरीच्या व्हरांड्यात सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायचे, “जो मागं पडत नाही. बाकी तो लंगडा असो, तिरळा असो, आपली काही हरकत नाही.”

१३५४ फसलीच्या खुरदाद महिन्यात, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, असा माणूस अगदी तातडीनं लागला तो जगदेवीच्या दाव्यात.

जगदेवी परंड्याची. पहिला नवरा वर्षाच्या आत वारला. पुढं भीमाशंकर नावाच्या दुकानदारानं तिच्याशी उडकी लावली. विधवेचं हे दुसरं लग्न लिंगायतांत चालतं, पण ते वाजतगाजत होत नाही. दिवेलागणीला, घरातल्या घरात, चार माणसांत उरकतात. कागद नाही, पत्र नाही. बारा वर्षं संसार करून भीमाशंकर गेला आणि महिना होतो न होतो तोच त्याचा चुलतभाऊ हणमंतप्पा उठला नि म्हणाला, ही बायको नव्हेच, ठेवलेली बाई. घर माझं, दुकान माझं, हिनं चालू लागावं.

उडकी लावणारे स्वामी वारले होते. त्या संध्याकाळी हजर असलेल्यांपैकी एकच जिवंत होती, भीमाशंकरची मावशी लक्ष्मम्मा. पंचाहत्तरीची आणि अंथरुणाला खिळलेली. कोर्टानं हुकूम दिला, इजहार तिच्या घरी जाऊन घ्यावा. परंड्यातले ज्ञानोबाराव, कोर्टात कागद वाचून दाखवणारे पेन्शनर पेशकार, कोर्टाच्या वतीनं समोर बसतील. लिहून झालेला इजहार साक्षीदाराला पढून ऐकवायचा, तिनं कबूल म्हटलं की अंगठा घ्यायचा, आणि लखोट्याला लाखेची मोहोर करून तो मुन्सिफांकडं पाठवायचा. पढून ऐकवल्याचा शेरा नसेल तर इजहार म्हणजे रद्दी. लिहिणारा माणूस मात्र जगदेवीच्या वकिलानंच आणायचा.

“घर जायचं तर जाऊ द्या, वकीलसाहेब,” जगदेवी म्हणाली होती. “पर बारा वर्सं म्या कोन व्हते, तेवढं कागदावर आलं पायजे.”

हे वाक्य वकिलांच्या डोक्यातून जाईना, आणि माणूस काही मिळेना. एकाच्या घरी लग्न. दुसरा म्हणाला, “परंड्याला? ह्या उन्हात?” आणि डोळ्यांवर ओलं फडकं टाकून पडून राहिला. तिसरा हो म्हणाला, वकिलांचा विडा खाऊन गेला तो पुन्हा दिसलाच नाही. इकडं परंड्याहून निरोप आला की म्हातारीनं अन्न सोडलंय. वकिलांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. उस्मानाबादसारख्या जिल्ह्याच्या गावी, जिथं जो तो दुसऱ्यावर अर्ज करतो, तिथं लिहिणारा एक माणूस मिळू नये?

शेवटी कचेरीच्या शिपायानं बोट दाखवलं ते समोरच्या लिंबाखाली बसणाऱ्या महारुद्राकडं. पन्नाशीचा, तेरखेड्याचा माणूस. घरात शोभेची दारू करायचं काम, यानं ते सोडून लोकांचे अर्ज लिहायचा धंदा धरला होता. बोटांच्या कडा काळ्या, अंगाला गंधकाचा वास. वकील गेले तेव्हा तो मान खाली घालून झरझर लिहीत होता. समोर कुणी नव्हतं. तेवढ्यात एक शेतकरी घामाघूम होऊन आला, उकिडवा बसला, “लिवा की जी, माजी म्हैस...” एवढं बोलला, आणि महारुद्रानं कागदावरची वाळू झटकून कागद त्याच्या हातात दिला.

“झालाय. आत देऊन या.”

आधी सांगून गेला असेल, असं वकिलांना वाटलं. वाटणार दुसरं काय?

“महारुद्रप्पा, उर्दूत इजहार लिहाल?”

“ल्हितो की.”

“मागं तर पडत नाही ना? मला थांबा-थांबा करणारा माणूस नको. साफ सांगतो.”

महारुद्रानं पहिल्यांदा वर पाहिलं. “आमच्या दारूकामात वात पेटली का मानसानं तिच्या म्होरं असावं लागतंय, साहेब. मागं ऱ्हायला त्यो भाजला.”

“वा!” वकील म्हणाले. असं उत्तर त्यांना अठरा वर्षांत कुणी दिलं नव्हतं. तिथल्या तिथं त्यांनी त्याला कामाला लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले. लढाईमुळं पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी बसवली होती, आणि ती मोटार चढ आला की म्हशीसारखी उभी राहायची. भूमला ती उभी राहिली ती राहिलीच. “पाच मिनिटं,” ड्रायव्हर म्हणाला. आठवड्याचा बाजार भरला होता. वकील घड्याळ काढून येरझारा घालू लागले. महारुद्रानं मात्र बोरीच्या सावलीत उपरणं अंथरलं आणि आडवा झाला.

“अहो, पाच मिनिटांत निघणाराय ती!”

“दोन घंटे हायती,” तो डोळे मिटून म्हणाला.

बरोबर दोन तासांनी तो उठून बसला, उपरणं झटकलं, आणि मोटारीनं आवाज केला. वकिलांना हायसं वाटायच्या ऐवजी रागच आला. का आला हे त्यांना सांगता आलं नसतं.

परंड्यात लक्ष्मम्माचं घर किल्ल्याच्या अलीकडं, पेठेत. माळवदाची बसकी खोली, शेणानं सारवलेली. कोनाड्यात विभूतीचा गोळा, कोपऱ्यात ज्वारीचं पोतं, आणि सगळीकडं ओव्याच्या शेकाचा वास. बाजेवर म्हातारी. उशाशी जगदेवी, धुवट पांढऱ्या लुगड्यात. तिच्याकडं तेवढं एकच धड लुगडं होतं, कोर्टात यायची तेव्हाही तेच असायचं. ज्ञानोबाराव आधीच येऊन भिंतीला टेकले होते नि डुलक्या घेत होते. हणमंतप्पाचे वकील येणार होते, ते आलेच नाहीत. येणार म्हणून कळवायचं आणि यायचं नाही, ही त्यांची जुनी खोड.

म्हातारीचा घरघरता श्वास पंचाक्षरी वकिलांनी कान देऊन ऐकला. ही संध्याकाळपर्यंत टिकते की नाही? टिकली तरी हात उचलणार का? आणि इथं त्यांनी अठरा वर्षांत कधी न केलेली गोष्ट केली. कोऱ्या तावांवर आधीच अंगठे घेऊन ठेवायचं ठरवलं.

“ज्ञानोबाराव, तुमची हरकत नाही ना?”

“घ्या, घ्या,” ज्ञानोबाराव डोळे न उघडता म्हणाले. कशाला घ्या म्हणतोय हे त्यांना माहीत होतं असं वाटलं नाही.

महारुद्रानं न विचारताच सात ताव मोजून पुढं ठेवले. शाईची गादी उघडली. लक्ष्मम्मानं पहिल्या तावावर अंगठा दिला आणि तो सरळ जगदेवीच्या पदराला पुसला.

“अहो अहो, हा टिपकागद घ्या की!” वकील कळवळून म्हणाले.

म्हातारीनं ऐकलं तर! दुसरा अंगठा, पुन्हा पदर. तिसरा, पुन्हा पदर. पांढऱ्या पदरावर काळे डाग एका रांगेत उठत गेले. “राहू द्या, साहेब,” जगदेवी म्हणाली. “ल्हानपनी माज्या नवऱ्याच्या टोपीला हात पुसायच्या म्हनं. आता तो न्हाय, म्हनून माजा पदर.”

सहाव्या तावानंतर म्हातारीचा हात बाजेवर पडला तो उचलेना.

“सातवा ऱ्हाऊ द्या,” महारुद्र गादी मिटत म्हणाला. “सातव्यावर त्या सवडीनं देतील.”

“कसली सवड? कुणाला आहे इथं सवड?” वकील खेकसले. पण वाद घालायला वेळ नव्हता. त्यांनी सवाल सुरू केले.

अर्धा तास सगळं झकास चाललं. खरं म्हणजे इतकं झकास चाललं की वकिलांना आधी कौतुक वाटलं. एकदाही ‘थांबा’ नाही, एकदाही ‘काय म्हणाल्या’ नाही. मग हळूहळू त्यांना काहीतरी टोचायला लागलं. काय ते कळेना. सवाल विचारताना लक्ष उडायला लागलं. शेवटी कळलं. लक्ष्मम्मा बोलत असायची तेव्हा बोरू गप्प असायचा. ती खोकायला, दम खायला थांबली की कुरकुर सुरू.

“हा मनाचं लिहितोय की काय?” वकिलांच्या कपाळावरची शीर तट्ट झाली. ते उठून महारुद्राच्या मागं जाऊन उभे राहिले. शाई ओली होती. शेवटची ओळ होती: ‘एक बांगडी फुटली, तेव्हा भीमाशंकर हसला.’

“महारुद्रप्पा! हे कुठं म्हणाल्या त्या?”

महारुद्रानं बोरू दौतीत बुडवला. बाजेवर म्हातारीचा खोकला थांबला.

“म्या सोता हिरव्या बांगड्या भरल्या हिच्या हातात,” ती म्हणाली. “नऊ अन् नऊ. एक फुटली. तवा भीमा हसला.”

वकिलांनी जगदेवीकडं पाहिलं. तिनं काही पाहिलेलं नव्हतं, ती म्हातारीच्या तोंडाला पाणी लावत होती. ही गोष्ट या घरात सगळ्यांना माहीत असणार, सकाळी कुणीतरी याला सांगितली असणार, वकिलांनी मनाशी घोकलं. पण हा सकाळपासून आपल्याच बरोबर होता, हेही त्यांना माहीत होतं.

मग त्यांना राग आला, आणि रागाच्या भरात त्यांनी एक परीक्षा घ्यायची ठरवली. मनात ठरवलेला सवाल टाकून दिला आणि अगदी भलतंच विचारलं.

“मावशी, त्या दिवशी जेवायला काय केलं होतं?”

दाव्याशी या सवालाचा काडीचा संबंध नव्हता. विचारायच्या क्षणापर्यंत तो वकिलांनाही ठाऊक नव्हता. म्हातारी हसली. तोंडात दात नव्हते.

“हुग्गी,” ती म्हणाली. “गूळ कमी पडला. शेजारनं आनला.”

वकिलांनी खाली पाहिलं. सवाल लिहिलेला होता. हुग्गी लिहिली होती. गूळ कमी पडलेला, शेजारहून आणलेला, आणि त्याखाली कंसात: ‘वकील खाली पाहतात.’

ते आपल्या जागेवर येऊन बसले. त्यांनी रुमालानं घाम पुसला. उन्हाचा त्रास, दुसरं काय! त्यांनी लोटाभर पाणी प्यायलं आणि सवाल चालू ठेवले, कारण न ठेवून काय करणार होते? इजहार तर पक्का होत होता. उडकी कुठल्या वारी लागली, विभूती कुणी लावली, तांदूळ कुणी टाकले, सगळं म्हातारी चोख सांगत होती. “ही माझ्या भीमाची बायको,” ती दोनदा म्हणाली, आणि दुसऱ्यांदा तिनं जगदेवीचं मनगट धरलं.

तिसऱ्या प्रहरी तिचा डोळा लागला. सगळे थांबले. ज्ञानोबाराव घोरत होते. बोरू मात्र थांबला नव्हता. महारुद्र सहाव्या तावावरून सातव्यावर गेला होता.

“त्या झोपल्या आहेत,” वकील दबक्या आवाजात म्हणाले. “काय लिहिताय?”

“म्होरलं.”

“पुढचं काय म्हणजे? पुढं काय आहे?”

“त्या बोलत्यात तवाचं ल्हिऊन झालंय. आता ऐकत्यात तवाचं ल्हितोय.”

वकिलांनी कपाळावर हात मारला. वेड्याच्या हाती इजहार दिला आपण, जगदेवीच्या जन्माचं वाटोळं केलं! त्यांनी मोठ्यानं, कुणाची झोप मोडायची ती मोडो म्हणून सांगितलं, “पुरे! आता ते पढून ऐकवा त्यांना. एकेक ताव. मराठीत. उठवा हो त्यांना, जगदेवी.”

महारुद्रानं बोरू पुसला. दौतीला बूच लावलं. “आज पढनं व्हायचं न्हाय, साहेब.”

“का? का व्हायचं नाही? कोण म्हणतं? तुम्हाला मी कशाला आणलं इथं, तुमची...”

“वकीलसाहेब,” जगदेवी म्हणाली.

म्हातारीचा हात अजून तिच्या मनगटावर होता. श्वासाचा आवाज थांबला होता. तो कधी थांबला ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मग जगदेवीनं ती बोटं एकेक करून सोडवली आणि म्हातारीचे डोळे मिटले. ती रडली, पण आवाज न करता.

वकिलांना आपलीच लाज वाटली, कारण त्यांचं लक्ष बाजेकडं नव्हतं. ते शाईच्या गादीकडं पाहत होते. पढून ऐकवल्याशिवाय इजहार नाही. इजहार नाही तर ही बाई ठेवलेली. सातव्या तावावर शेरा आणि त्याखाली एक अंगठा, एवढंच तर पाहिजे. हात अजून गरम असेल. ज्ञानोबाराव झोपलेत. त्यांनी गादी उचललीसुद्धा.

“त्यांचा हात ऱ्हाऊ द्या,” जगदेवी म्हणाली. तिनं वर पाहिलं नव्हतं. “माजं काय व्हायचं ते व्हईल.”

वकिलांनी गादी खाली ठेवली.

“शेरा तरी लिहा,” ते महारुद्राला म्हणाले. “पढून ऐकवला म्हणून.”

“ल्हिलाय की मघाच.”

सातवा ताव भरलेला होता. ‘इजहार गवाहाला पढून ऐकवण्यात आला’ अशी नेहमीची सुरुवात, आणि पुढं शिकस्ता अक्षरात, एकमेकांत गुंतलेल्या, दाट ओळी. एवढा लांब शेरा कोण लिहितो? पण वकिलांनी पुढं वाचलं नाही. शेरा खोटा होता. वाचला तर त्यात आपण सामील, न वाचला तर नाही, असा त्यांनी मनाचा समज करून घेतला. तळाशी अंगठ्यासाठी गोल काढला होता. तो रिकामा होता. ज्ञानोबारावांना जागं करून त्यांनी सातही ताव त्यांच्या देखत लखोट्यात घातले, लाख वितळवली, मोहोर उठवली.

कोर्टात तारीख होती पंचवीस खुरदाद. त्या दिवशी मुन्सिफांना ताप भरला. पुढची तारीख पडली, त्या दिवशी हणमंतप्पाचे वकील आले नाहीत. असं करत करत पुढच्या तीर महिन्याची नऊ तारीख उजाडली. तेवढ्या दिवसांत पंचाक्षरी वकिलांना नीट जेवण गेलं नाही. बायकोवर ओरडले, कारकुनावर ओरडले, बिचाऱ्या टांगेवाल्यावर ओरडले.

मुन्सिफांनी सगळ्यांसमोर मोहोर तपासली, फोडली, ताव कोर्टाच्या पेशकारांच्या हाती दिले. हणमंतप्पाचे वकील त्या दिवशी बरे वेळेवर आले होते. ते लगेच उठले.

“हुजूर, गवाह त्याच दिवशी मयत झालीय. इजहार तिला पढून ऐकवला, हे आधी त्यांनी सांगावं.”

“पंचाक्षरी साहेब?” मुन्सिफ म्हणाले. “ऐकवला होता?”

वकील उभे राहिले. मागच्या बाकड्यावर, एका टोकाला, जगदेवी बसली होती. शेजारचं सगळं बाकडं मोकळं होतं. हो म्हणायचं, एक अक्षर. नाही म्हणायचं, दोन. त्यांच्या तोंडून यातलं एकही निघेना.

“असू द्या,” मुन्सिफ कंटाळून म्हणाले. “आधी वाचू द्या, मग बघू. पेशकार, पढो.”

पेशकार वाचू लागले. दुपारची वेळ, पंखा ओढणारा पेंगलेला. तिसऱ्या तावाला वकिलांची नजर मागं गेली. जगदेवी बाकड्यावर आणखी सरकून बसली, अगदी कडेला, पडते की काय अशी. एवढी जागा असताना ही असं अवघडून का बसते, म्हणून वकील त्या अवस्थेतही चिडले. पाचव्या तावाला पेशकारांच्या घशाला कोरड पडली, त्यांनी पाणी मागितलं, प्यायले, पुढं वाचलं. हुग्गी आली, गूळ आला. सहावा ताव संपला.

पेशकारांनी सातवा हाती घेतला. ते उर्दूत वाचत होते, त्याचा अर्थ असा:

‘इजहार गवाहाला पढून ऐकवण्यात आला. तारीख नऊ, माह तीर. मुकाम मुन्सफी कचेरी, उस्मानाबाद.’

पेशकार थांबले. भिंतीवरच्या तारखेकडं त्यांनी पाहिलं.

“पढो,” मुन्सिफ म्हणाले.

‘सुरू करण्याआधी मुन्सिफ साहेबांनी वकिलांना सवाल केला. वकील गप्प राहिले. तिसऱ्या तावाला गवाह आली. जगदेवीनं बाकड्यावर जागा दिली. पाचव्या तावाला पेशकारांनी पाणी...’

पेशकारांनी ताव खाली केला. मुन्सिफांनी हात पुढं करून ताव स्वतःकडं घेतला आणि राहिलेलं स्वतः वाचलं, हळू, एकेक शब्द.

‘गवाहानं सगळं ऐकलं. म्हणाली, बरोबर आहे. ही माझ्या भीमाची बायको. अंगठा दिला.’

वकील पुढं झाले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, कुणी अडवलंही नाही. तळाशी गोल होता. त्यांनी परंड्यात आपल्या डोळ्यांनी रिकामा पाहिलेला गोल. त्यात अंगठा होता. मुन्सिफांनी भिंग मागवलं, पहिल्या सहा अंगठ्यांशी तो ताडून पाहिला. मग त्याच्यावर सहज बोट टेकवलं, आणि बोट उचलून पाहत राहिले. बोट काळं झालं होतं.

हणमंतप्पाचे वकील केव्हा खाली बसले ते कळलं नाही.

“पढून ऐकवावं एवढंच कायद्यात आहे,” मुन्सिफ म्हणाले. रुमालानं ते बोट पुसत होते, पुसतच होते. “कुठं, कधी, ते लिहिलेलं नाही. इजहार मंजूर. पुढचा दावा घ्या.”

पंचाक्षरी वकील बाहेर आले. समोर लिंबाखाली महारुद्र मान खाली घालून लिहीत होता. त्याच्यासमोर कुणी नव्हतं. वकिलांनी त्या बाजूची पायरी सोडली आणि लांबचा वळसा घेऊन व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले. तो कुणाचं लिहीत होता, हे जाणून घ्यायची त्यांना मुळीच इच्छा नव्हती.

तिथं जगदेवी त्यांना शोधत आली. बारा वर्षं ती कोण होती ते आता कागदावर आलं होतं. वाकून तिनं वकिलांच्या पायाला हात लावला, तेव्हा पदर पुढं ओघळला. परंड्याचे सहा डाग त्याच्यावर अजून होते, धुऊन धुऊन राखेच्या रंगाचे झालेले. त्यांच्याच रांगेत सातवा होता. तो काळाभोर होता, आणि अजून वाळला नव्हता.